कृष्णा खोऱ्यातील जीवाश्म दात व हाडे : शोध आणि ओळख

पृष्ठवंशी प्राण्याचे शरीर मृत्यूनंतर कुजून नष्ट होते. परंतु त्याचे दात व हाडे गाळाखाली लवकर गाडली गेली आणि भूजलातील खनिजे त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत साचत गेली, तर ती हजारो किंवा लाखो वर्षे टिकून राहू शकतात. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. नदीकाठी, विहीर खणताना किंवा वाळू उपसताना असे अवशेष सामान्य माणसाच्याच हाती प्रथम येतात. त्यांपैकी कोणता अवशेष खरोखर जीवाश्म आहे, तो कोणत्या प्राण्याचा आहे आणि त्यावरून त्या प्रदेशाच्या भूतकाळाविषयी काय सांगता येते, हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे बव्हंशी वस्तूतच मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र ती वस्तू जेथून उचलली त्या थरात असते. कृष्णा खोऱ्यातील संशोधनाचा इतिहास हा भेद चांगल्या प्रकारे स्पष्ट करतो.

या विवेचनासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) हे स्थान उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे. दत्तक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेले हे गाव कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. महाबळेश्वरजवळ उगम पावणारी कृष्णा येथे येण्यापूर्वी कऱ्हाड येथे कोयनेचे व सांगलीजवळ वारणेचे पाणी घेते. कोल्हापूरजवळ तयार होणारी पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन येते. म्हणजेच साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील बराचसा गाळ या संगमाजवळून वाहत जातो. पावसाळ्यात पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, आणि या पर्वणीस भाविक ‘दक्षिणद्वार’ म्हणतात. पूर ओसरला की काठावर वाळू, गोटे, शंखशिंपले यांबरोबर हाडे व दातही उघडे पडतात. हे अवशेष एकाच काळाचे नसतात आणि त्यांतील फारच थोडे जीवाश्म असण्याची शक्यता असते. म्हणूनच ओळखीचे शास्त्र येथे महत्त्वाचे ठरते.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्टी लाव्ह्याच्या थरांनी व्यापलेला आहे. हे उद्रेक सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असून तप्त लाव्ह्यात प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळाच्या खडकांत मात्र ते सापडतात. अशा आंतरट्रॅपी थरांची प्रसिद्ध स्थळे मुंबई बेट आणि नागपूर परिसर येथे आहेत. यामुळे कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात मोठ्या प्राण्यांचे जीवाश्म शोधायचे, तर ते बेसाल्टात नव्हे, तर त्यावर नद्यांनी पसरलेल्या जलोढात (गाळ, वाळू व गोटे यांच्या निक्षेपांत) शोधावे लागतात. हे निक्षेप प्लाइस्टोसीन (सु. २५.८ लाख ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या) काळाचे व त्यानंतरचे आहेत. तळाशी चुनखडीने घट्ट सांधलेला गोट्यांचा थर म्हणजे पिंडाश्म, त्यावर वाळूचे व पिवळसर तपकिरी गाळाचे थर आणि सर्वांत वर काळी माती, असा क्रम दख्खनच्या अनेक नद्यांच्या दरडींत दिसतो.

हाडे टिकण्याच्या दृष्टीने मातीचा गुणधर्मही महत्त्वाचा असतो. घाटमाथ्यावर गगनबावड्यासारख्या अतिपर्जन्याच्या भागात निचरा होणारी आम्लधर्मी तांबडी माती हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळवून टाकते. पूर्वेकडील कमी पावसाच्या सपाट प्रदेशात मातीत चुन्याचे प्रमाण अधिक असते व तेथे हाडे टिकण्याची शक्यता वाढते. काळी माती मात्र फसवी असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून कालपरवाचे हाडही काही हात खाली जाऊ शकते. त्यामुळे केवळ खोलीवरून वय ठरविता येत नाही.

संशोधनाचा इतिहास : भूमीत सापडणाऱ्या प्रचंड हाडांविषयीचे कुतूहल जुने आहे. दिल्लीचा सुलतान फिरोझशाह तुघलक (कार. १३५१–८८) याच्या काळात शिवालिक टेकड्यांच्या परिसरात कालव्यासाठी डोंगर फोडताना हत्तींची व माणसांची हाडे सापडली, त्यांपैकी काही दगड झालेली होती आणि माणसाच्या हाताचे हाड तीन गज लांब होते, असा वृत्तांत फिरिश्ता या इतिहासकाराने दिला आहे. एवढ्या लांबीचे हाड माणसाचे असू शकत नाही, ते एखाद्या महाकाय सस्तन प्राण्याचेच असणार, हे आज सहज कळते. त्या काळी मात्र तुलनेसाठी माणूस आणि पाळीव जनावरे यांपलीकडे साधन नव्हते. जगभरातील राक्षसांच्या व दैत्यांच्या हाडांच्या कथांमागे पुष्कळदा हेच कारण असते.

तुलनेच्या पद्धतीचा पाया यूरोपात दातांच्या अभ्यासातूनच घातला गेला. खडकांत सापडणाऱ्या त्रिकोणी ‘जीभदगडां’ना लोक सापाच्या जिभा समजत. इटलीच्या किनाऱ्यावर १६६६ साली पकडलेल्या एका मोठ्या शार्कच्या डोक्याचे विच्छेदन करून नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो यांनी हे दगड म्हणजे शार्कचे दात आहेत, असे १६६७ साली दाखवून दिले. पुढे १७९६ मध्ये झॉर्झ क्यूव्हये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हत्तींच्या जबड्यांची व दाढांची तुलना केली आणि आशियाई हत्ती, आफ्रिकी हत्ती व सायबीरियातील मॅमथ या भिन्न जाती असल्याचे सिद्ध केले. पृथ्वीवरून प्राण्यांच्या जाती समूळ नष्ट होऊ शकतात, हा विचार यातून दृढ झाला.

भारतात या विषयाचा आरंभ बव्हंशी हौशी संग्राहकांनी केला. सैन्यातील अधिकारी विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूर येथे काही अश्मीभूत मणके मिळाले. रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांच्या आधारे टायटॅनोसॉरस इंडिकस या डायनोसॉराचे वर्णन केले. पुढे हे नमुने हरवले असे मानले जाई. परंतु त्यांपैकी एक मणका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या कोलकात्यातील संग्रहात पुन्हा ओळखला गेला व ते वृत्त २०१३ साली प्रसिद्ध झाले. मूळ वर्णन व आकृती तपशीलवार असल्यामुळेच ही फेरओळख शक्य झाली. ह्यू फॉल्कनर हे वैद्यक व्यावसायिक आणि प्रॉबी कॉट्ली हे कालव्यांचे अभियंते होते. त्यांनी शिवालिक टेकड्यांतून फार मोठा संग्रह केला आणि नर्मदेच्या जलोढातील हत्तीला एलिफस नॅमॅडिकस हे नाव दिले. हा हत्ती आता पॅलिओलॉक्सोडॉन या प्रजातीत घातला जातो.

महाराष्ट्रातही असेच घडले. मुंबई बेटावरील आंतरट्रॅपी थरांतील इवल्याशा बेडकांच्या सांगाड्यांचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये लंडनमध्ये केले. हे बेडूक आता इंडोबॅट्रॅकस या नावाने ओळखले जातात. नागपूरचे धर्मोपदेशक स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी विदर्भातील खडकांतून मासे, कीटक, वनस्पती व सरीसृप यांचे अवशेष जमविले. नागपूरच्या दक्षिणेस मालेडी येथे मिळालेल्या सिरॅटोडस या फुप्फुसमीनाच्या दातांचे वर्णन टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली केले व त्यांतील एका जातीस हिस्लॉप यांचे नाव दिले. गोदावरीच्या काठी पैठणजवळील मुंगी येथे अस्थियुक्त थरात वाइन यांना अकीकाची एक छिलका मिळाली. मानवनिर्मित वस्तू व नष्ट झालेल्या प्राण्यांची हाडे एकाच थरात मिळण्याचे भारतातील हे आरंभीचे उदाहरण असून ते १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. नासिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथील हत्तीच्या अवशेषांचे विवेचन गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ साली केले.

चिकडौलीचा गेंडा : कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध रॉबर्ट ब्रूस फुट (१८३४–१९१२) यांचा होय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील या अधिकाऱ्याने १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराणाश्मयुगीन हत्यार शोधले होते. पुढे दक्षिण मराठा प्रदेशाचे सर्वेक्षण करताना गोकाकजवळील (बेळगाव–बेळगावी–जिल्हा) चिकडौली येथे एका ओढ्याच्या निक्षेपात त्यांना गेंड्याचे जबड्याचे भाग व दाढा मिळाल्या. गोकाक हे घटप्रभेच्या काठी असून घटप्रभा ही कृष्णेची उपनदी आहे. फुट यांनी १८७४ मध्ये या अवशेषांचे वर्णन करून त्या गेंड्यास ऱ्हिनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे ‘दख्खनचा गेंडा’, हे नाव दिले. त्या प्रदेशाच्या भूविज्ञानावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला.

आज घटप्रभेच्या काठी गेंडा नाही आणि तो तेथे कधी होता अशी लोकस्मृतीही नाही. भारतात एकशिंगी गेंडा आता आसाम, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश–बिहारचा तराई प्रदेश येथपुरताच उरला आहे. मूठभर दाढांवरून एवढे मात्र निश्चित झाले, की दख्खनच्या या भागात एके काळी गेंड्याला पुरेल इतके पाणी, चारा व झुडुपे होती. हे अनुमान करता आले, याचे श्रेय दाढांइतकेच नोंदीलाही आहे. फुट यांनी गाव, ओढा व अवशेष ज्यात होते तो थर यांची नोंद केली. त्याच दाढा कोणी घरी नेऊन ठेवल्या असत्या व पुढच्या पिढीने त्या अभ्यासकास दाखविल्या असत्या, तर त्या गेंड्याच्या आहेत एवढेच ठरले असते. हा गेंडा दख्खनचा आहे, हे सिद्ध करता आले नसते.

विसाव्या शतकातील कार्य : पुणे येथील डेक्कन महाविद्यालयाच्या पदव्युत्तर संशोधन संस्थेत १९३९ पासून पुरातत्त्वाच्या अभ्यासास चालना मिळाली आणि ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली दख्खनच्या नद्यांच्या जलोढाचे पद्धतशीर सर्वेक्षण सुरू झाले. रा. श्री. पप्पू यांचा कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील प्लाइस्टोसीन काळावरील ग्रंथ १९७४ मध्ये व गो. ला. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरील ग्रंथ १९७९ मध्ये या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. मांजरा नदीच्या खोऱ्यात पुढे हत्ती, पाणघोडा व बैलवर्गीय प्राणी यांचे जीवाश्म मिळाले. याच संस्थेत प्राचीन वसाहतींतील प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासाची, म्हणजे पुरातत्त्वीय प्राणिविज्ञानाची, परंपरा निर्माण झाली. इनामगाव (जि. पुणे) येथील १९६८–८३ या काळातील उत्खननात तिचा मोठा उपयोग झाला.

पंचगंगेच्या काठी कोल्हापूर येथे ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले व त्यात सातवाहनकालीन वसाहत उघडकीस आली. ही गोष्ट नृसिंहवाडीच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. नदीकाठच्या अशा प्राचीन गावठाणांची दरड कोसळली, की दोन हजार वर्षांपूर्वीची जनावरांची हाडे प्रवाहात पडतात. ती जुनी असतात, त्यांचा रंग बदललेला असतो. परंतु ती प्लाइस्टोसीन काळाची नसतात.

अवशेष हाड आहे की दगड : हाडासारखा आकार म्हणजे हाड नव्हे. दख्खनच्या मातीत चुनखडीचे गाठाळ गोटे व झाडांच्या मुळांभोवती साचलेल्या चुनखडीच्या नळ्या विपुल असतात. त्या बोटांच्या किंवा बरगड्यांच्या तुकड्यांसारख्या दिसतात. बेसाल्टाच्या पोकळ्यांतील गारगोटी व झिओलाइट हेही दातांचा भास निर्माण करतात. खऱ्या हाडाच्या मोडलेल्या कडेवर बाहेरचा घट्ट थर, आतील जाळीदार भाग व लांब हाडांत मज्जेची पोकळी स्पष्ट दिसते. भिंगाखाली रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रे ओळखता येतात. चुनखडीवर विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला असता ती फसफसते. हाड मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटाचे असल्याने तसे फसफसत नाही. मात्र पुष्कळ जीवाश्मांवर चुनखडीचे पुट चढलेले असते व त्यामुळे अम्लाची परीक्षा फसू शकते. ती नमुन्याच्या दर्शनी भागावर करू नये.

जीवाश्म आहे की अलीकडचे हाड : जीवाश्म हाड सामान्यतः जड असते, त्यावर टिचकी मारल्यास दगडासारखा आवाज येतो आणि छिद्रे खनिजांनी पूर्ण भरली नसतील, तर ते ओल्या जिभेस चिकटते. अलीकडच्या हाडात कोलॅजेन हे प्रथिन शिल्लक असते. त्यामुळे त्याचा कण जाळल्यास केस जळल्यासारखा वास येतो. या सर्व परीक्षांना मर्यादा आहेत. भूजलात लोह व मँगॅनीज असल्यास दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे हाडही काळे पडते. उलट, कोरड्या जागेतील खूप जुने हाड फिकट राहते. रंगावरून वय ठरविणे हा सर्वांत सामान्य प्रमाद आहे.

संगमाच्या ठिकाणी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. येथे अस्थिविसर्जन होते. चितेवर जळालेल्या हाडातील कोलॅजेन नष्ट झालेले असते. ते पांढरे वा निळसर करडे, तडकलेले व ठिसूळ असते आणि जाळले असता वास देत नाही. त्यामुळे वासाच्या परीक्षेत ते जीवाश्माप्रमाणेच वागते. वक्राकार तडे, पृष्ठभागाचे आकुंचन व हलके वजन यांवरून ते ओळखता येते. अशा अस्थी ओळखल्यावर त्या जेथे होत्या तेथेच राहू देणे उचित होय. न जळालेले मानवी हाड आढळल्यास ते न हलविता पोलिसांना कळविले पाहिजे.

दातांवरून ओळख : पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात दात हा सर्वांत टिकाऊ भाग आहे. दाताच्या बाहेरील आवरणात, म्हणजे दंतवल्कात, वजनाने सु. ९६ टक्के खनिज असते. हाडात हे प्रमाण सु. दोन-तृतीयांश एवढेच असते. शिवाय दाढेचा आकार आहाराशी व प्राण्याच्या कुळाशी निगडित असल्याने एका दाढेवरूनही प्रजाती पुष्कळदा ओळखता येते. कृष्णा खोऱ्यात मिळू शकणाऱ्या प्रमुख प्रकारांची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

हत्तीची दाढ अनेक उभ्या पट्ट्या एकापुढे एक ठेवून संधानकाने सांधल्यासारखी असते. आशियाई हत्तीच्या शेवटच्या दाढेत या पट्ट्यांची संख्या चोविसापर्यंत जाते. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात आयुष्यभरात अशा सहा दाढा एकीमागून एक येतात. संधानक झिजून सुटी झालेली एकच पट्टी अनेकदा सापडते. ती दातासारखी दिसत नाही व म्हणून टाकून दिली जाते. हत्तीची दाढ म्हणजे अतिप्राचीन अवशेष असेही नव्हे. कोल्हापूर संस्थानात हत्ती पाळले जात. त्यांच्या झुंजींसाठीची साठमारी आजही प्रसिद्ध आहे.

पाणघोड्याच्या झिजलेल्या दाढेवर बेलाच्या पानासारखी त्रिदल आकृती दिसते. सुळे मोठे, वाकडे व उभ्या रेघांचे असतात. पाणघोडा भारतातून प्लाइस्टोसीन काळाच्या अखेरीस नाहीसा झाला. त्यामुळे त्याचा एक दातही थराच्या प्राचीनतेची बळकट सूचना देतो. गेंड्याच्या वरच्या दाढेत बाहेरच्या बाजूस एक लांब भिंत व तिच्यापासून आत येणारे दोन आडवे कंगोरे असतात. खालच्या दाढेत एकापुढे एक दोन कोरी दिसतात.

गाय, बैल व म्हैस यांच्या दाढा उंच असून त्यांच्या चर्वणपृष्ठावर दंतवल्काच्या चंद्रकोरी दिसतात. दोन भागांच्या मध्ये एक बारीक स्तंभ असतो. खालच्या जबड्यातील शेवटच्या दाढेस तीन भाग असतात. या प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. हरणांच्या दाढाही चंद्रकोरींच्या असतात, पण त्या लहान व बुटक्या असतात. घोड्याची दाढ चौकोनी, लांब खांबासारखी असून तिच्यावरील दंतवल्काच्या घड्या अतिशय गुंतागुंतीच्या असतात. डुकराच्या दाढेवर गोलसर उंचवटे असतात व ती माणसाच्या दाढेसारखी भासते. मांसाहारी प्राण्यांच्या दाढांना कात्रीसारखी धार असते. मगरीचा दात शंकूसारखा व मुळाशी पोकळ असतो. कृष्णेत सांगली परिसरात मगरी आजही असल्याने असा दात अलीकडचाही असू शकतो.

हाडांवरून ओळख : हाडांचे मोडके तुकडे ओळखणे अवघड असते, सांध्याजवळची टोके मात्र उपयुक्त ठरतात. गायबैलांच्या पायाची नळी ही दोन हाडे जुळून बनलेली असते. तिच्यावर मधोमध खाच असते व खालच्या टोकास दोन कप्प्या असतात; घोड्याच्या नळीस एकच कप्पी असते. घोट्यातील एक हाड समखुरी प्राण्यांत दोन्ही टोकांना कप्पीसारखे असते, तर घोड्यात व गेंड्यात ते एकाच बाजूस तसे असते. म्हशीच्या शिंगाचा अस्थिमय गाभा त्रिकोणी व चपटा, तर बैलाचा गोलसर असतो. माशाच्या मणक्याच्या दोन्ही बाजू वाटीसारख्या खोलगट असतात. कासवाच्या कवचाचे तुकडे सपाट असून त्यांच्या कडा दातेरी असतात. नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी पुरानंतर मिळणारी बहुतेक हाडे गाई, म्हशी व शेळ्यामेंढ्या यांची असणे स्वाभाविक आहे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी या खोऱ्याला तडाखा दिला आहे. म्हणून प्रत्येक हाडाची तुलना आधी पाळीव जनावरांच्या हाडांशी करावी व ती जुळत नसल्यासच पुढचा विचार करावा, हा क्रम सुरक्षित होय.

ओळखीतील प्रमाद : तज्ञांच्याही हातून चुका झाल्या आहेत. स्विस निसर्गवैज्ञानिक योहान शॉइक्‌त्सर यांनी १७२६ साली एका सांगाड्यास महाप्रलयात बुडालेल्या माणसाचा सांगाडा ठरविले. तो एका मोठ्या सॅलॅमँडराचा असल्याचे क्यूव्हये यांनी १८११ मध्ये दाखविले. अमेरिकेत नेब्रॅस्का येथे मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री फेअरफील्ड ऑझबर्न यांनी १९२२ मध्ये मानवसदृश कपीची नवी प्रजाती घोषित केली. त्याच स्थळी अधिक अवशेष मिळाल्यावर ती दाढ पेकारी या डुकरासारख्या प्राण्याची असल्याचे निष्पन्न झाले व १९२७ मध्ये तो दावा मागे घेण्यात आला. ही चूक दुरुस्त करता आली, कारण दाढ मिळाल्याची जागा ठाऊक होती आणि तेथे पुन्हा शोध घेता आला.

वयनिश्चिती : प्राण्याची जाती ओळखली म्हणजे अवशेषाचे वय कळले, असे नाही. गुजरातमधील लांघणज येथे मध्याश्मयुगीन वसाहतीत गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले आहे व सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा कोरलेला आहे. म्हणजे पश्चिम भारतात हा प्राणी काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता. कार्बन (१४) पद्धती सु. ५०,००० वर्षांपर्यंतच उपयोगी पडते व तीसाठी हाडात कोलॅजेन शिल्लक असावे लागते. उष्ण प्रदेशातील जीवाश्मांत ते बहुधा नसते. गाडलेले हाड भूजलातील फ्ल्युओरीन शोषून घेते. एकाच ठिकाणच्या दोन हाडांतील त्याचे प्रमाण ताडून ती समकालीन आहेत की नाहीत, हे ठरविता येते. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथील १९१२ सालचा बनाव १९५३ मध्ये उघडकीस येण्यात या पद्धतीचा वाटा होता. ही पद्धती तुलनात्मक असल्याने हाडाचे मूळ स्थान अज्ञात असेल, तर तिचा उपयोग होत नाही.

नोंद व जतन : वरील सर्व विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष साधा आहे. नदीपात्रात सुटा पडलेला अवशेष त्याच्या मूळ थरापासून आधीच तुटलेला असतो. तो उचलताना ठिकाण व दिनांक लिहून ठेवावा आणि वरच्या बाजूच्या दरडीत तसाच थर दिसतो का, ते पाहावे. दरडीत रुतलेला अवशेष मात्र उपटून काढू नये. मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे. काठाच्या माथ्यापासूनची खोली, थराचा रंग व पोत, जवळचे गोटे, शंख, खापरे किंवा दगडी हत्यारे यांची नोंद करावी आणि डेक्कन महाविद्यालय, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था किंवा जवळच्या विद्यापीठातील अभ्यासक यांना कळवावे. खापर असल्यास तो थर मानवी वसाहतीनंतरचा, हे तत्काळ समजते. ओला अवशेष उन्हात वाळविल्यास तडकतो. तो सावलीत हळूहळू वाळू द्यावा. त्यावर तेल, रोगण किंवा रंग लावू नये, कारण त्यामुळे पुढील रासायनिक परीक्षा निरुपयोगी होतात.

दख्खनच्या नद्यांतील जलोढ काही मीटर ते काही दशक मीटर एवढ्याच जाडीचे आहे. वाळूउपसा, विटांसाठी मातीचे उत्खनन, बंधारे व पूर यांमुळे ते झपाट्याने कमी होत आहे. लाखभर वर्षांत साचलेला थर एका हंगामात नाहीसा होऊ शकतो व तो पुन्हा मिळत नाही. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील प्राचीन प्राणिसृष्टीचे ज्ञान अशाच थोड्या, पण नीट नोंदल्या गेलेल्या अवशेषांवर उभे आहे. चिकडौलीच्या दाढा दीडशे वर्षांनंतरही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. पुराने उघडी पडलेली एखादी दाढ तशी उपयोगी पडेल की घरातील कोनाड्यात शोभेची वस्तू होऊन राहील, हे ती प्रथम पाहणाऱ्याने तेथल्या तेथे लिहिलेल्या चार ओळींवर अवलंबून असते.